जपानी चित्रपटावरील ‘जी’ ही खूण आणि किल्लारी परिसरातील मुले

तेरणाकाठ (औसा तालुका, जि. लातूर) यांचा प्रश्न

नमस्कार. मी औसा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवतो. आमच्या शाळेत गेली चार वर्षे मुलांचे चित्रपट मंडळ चालते. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळची शाळा सुटली की विज्ञानाच्या खोलीच्या खिडक्यांना सतरंज्या बांधून अंधार केला जातो आणि सहावी ते आठवीची चाळीस-पंचेचाळीस मुले दाटीवाटीने खाली बसून चित्रपट पाहतात. आतापर्यंत बहुतेक मराठी आणि काही इराणी चित्रपट दाखवून झाले. या वेळी माकोतो शिन्काई यांचा ‘सुझुमे’ हा २०२२ चा जपानी अ‍ॅनिमेशनपट दाखवावा, असे माझ्या मनात आहे.

त्यावरून शिक्षकांच्या खोलीत वाद झाला. एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की जपानी अ‍ॅनिमेशन दिसायला मुलांचे असले तरी ते मुलांसाठी असतेच असे नाही. त्यांनी दुसऱ्या एका जपानी चित्रपटावरची ‘पीजी१२’ ही खूण दाखवली आणि बारा वर्षांखालील मुलांना तो पाहण्यास तिथे बंदी आहे, असे ठामपणे सांगितले. ‘सुझुमे’वर मात्र ‘जी’ अशी खूण आहे. या खुणा तिथे कोण देते, सरकार देते की आणखी कोणी, आणि त्यांचा नेमका अर्थ काय, हे कोणी नीट समजावून सांगेल का?

माझी खरी काळजी निराळी आहे. या चित्रपटात भूकंप आहे. नायिका सतरा वर्षांची आहे आणि तिची आई २०११ च्या त्सुनामीत गेलेली आहे. आमच्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुले पुनर्वसित गावांतून येतात. ३० सप्टेंबर १९९३ ची, किल्लारीच्या भूकंपाची पहाट त्यांनी पाहिलेली नाही. पण त्यांच्या आई-वडिलांनी लहानपणी पाहिली आहे, आणि घरातल्या आजीला अजूनही छताखाली झोप लागत नाही, असे सांगणारी दोन मुले माझ्याच वर्गात आहेत. २०२४ च्या मार्चमध्ये हिंगोली-नांदेड भागात धक्के बसले, तेव्हा बातमी ऐकून आमच्याकडेही अनेक घरे रात्रभर अंगणात जागी होती. ‘जी’ म्हणजे सर्वांसाठी योग्य, असे मानून मी निर्धास्त राहावे का?

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर) यांचे उत्तर

सर, नमस्कार. मी बरीच वर्षे चित्रपट रसिक मंडळाचे काम करतो आणि परदेशी चित्रपट मागवताना या खुणांशी नेहमी संबंध येतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपण ज्याला सेन्सॉर बोर्ड म्हणतो, तशी सरकारी संस्था जपानमध्ये नाही. तिथे ‘एइरिन’ नावाची संस्था चित्रपट पाहून त्यांचे वर्गीकरण करते. ती सरकारी अनुदानावर चालत नाही. निर्माता किंवा वितरक चित्रपट घेऊन येतो, चित्रपटाच्या लांबीप्रमाणे शुल्क भरतो, परीक्षक चित्रपट पाहतात आणि वर्ग ठरवतात. एइरिनकडून चित्रपट तपासून घेतलाच पाहिजे, असा कायदा नाही. पण चित्रपटगृहमालकांच्या देशव्यापी महासंघाने एइरिनची खूण नसलेला चित्रपट आपल्या सभासदांच्या पडद्यावर न लावण्याचे मान्य केलेले आहे. त्यामुळे खूण नसेल तर चित्रपट बेकायदा ठरत नाही, पण त्याला नेहमीची चित्रपटगृहे मिळत नाहीत. एखादा महोत्सव किंवा स्वतंत्र सभागृह तेवढे उरते.

आज चार वर्ग आहेत. ‘जी’ म्हणजे कोणत्याही वयाच्या प्रेक्षकाला प्रवेश. ‘पीजी१२’ म्हणजे बारा वर्षांखालील मुलाने चित्रपट पाहताना पालकांचा सल्ला व मार्गदर्शन असावे. ‘आर१५+’ म्हणजे पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही, आणि ‘आर१८+’ म्हणजे अठराखालील कोणालाही नाही. तेव्हा आपल्या सहकाऱ्यांचा समज चुकीचा आहे. ‘पीजी१२’ मध्ये बंदी नाही. दहा वर्षांचे मूल एकटे गेले तरी त्याला तिकीट मिळते. बंदी सुरू होते ती ‘आर१५+’ पासून. ही नावे १ मे २००९ पासूनची आहेत. त्याआधी १९९८ मध्येच चार वर्ग झाले होते, फक्त त्यांची नावे थोडी वेगळी होती. आणि त्याच्याही आधी, १९७६ मध्ये, सर्वांसाठी आणि केवळ प्रौढांसाठी या दोहोंच्या मधला एक मर्यादित वर्ग प्रथम आला होता.

वर्ग ठरवताना परीक्षक आठ गोष्टी पाहतात: विषय व त्याची हाताळणी, भाषा, लैंगिकता, नग्नता, हिंसा व क्रौर्य, भीती व धाक, अमली पदार्थ आणि गुन्हेगारी कृत्ये. दृश्य आहे की नाही एवढ्यावर निकाल लागत नाही. ते कसे दाखवले आहे, किती वेळ पडद्यावर राहते, कथेला त्याची गरज आहे का, लहान मूल त्याचे अनुकरण करील का, हे सगळे विचारात घेतले जाते.

ही व्यवस्था सरकारबाहेर का राहिली, हे समजून घेतल्याशिवाय तिचा स्वभाव कळत नाही, म्हणून थोडे मागे जातो. जपानमधला पहिला मोठा गदारोळ मुलांवरूनच झाला. एका सराईत चोराच्या करामती दाखवणारा ‘झिगोमार’ हा फ्रेंच चित्रपट तिथे अफाट चालला, मुले त्याचे खेळ खेळू लागली आणि १९१२ मध्ये टोकियोच्या पोलिसांनी तो बंद केला. १९१७ मध्ये त्याच पोलिसांनी नियम केले, त्यांत चित्रपटांचे दोन वर्ग पाडून एक पंधरा वर्षांखालील मुलांना बंद केला आणि स्त्री-पुरुषांच्या बसण्याच्या जागाही वेगळ्या केल्या. वयाची ती विभागणी फार काळ टिकली नाही. १९२५ मध्ये तपासणी गृहमंत्रालयाकडे एकवटली, आणि १९३९ च्या चित्रपट कायद्याने तर चित्रीकरणाआधी पटकथाच सरकारकडून मंजूर करून घ्यावी लागू लागली. युद्ध हरल्यावर हा कायदा गेला. पण ताबा घेतलेल्या अमेरिकन प्रशासनाने १९४५ च्या नोव्हेंबरमध्ये २३६ जपानी चित्रपट बंद केले आणि स्वतःची तपासणी सुरू केली. म्हणजे जपानी चित्रपटसृष्टीने आधी आपल्या सरकारची आणि मग परक्या सरकारची कात्री सोसली. जून १९४९ मध्ये अमेरिकन चित्रउद्योगाच्या आचारसंहितेच्या धर्तीवर एइरिन स्थापन झाली, ती या पार्श्वभूमीवर.

पहिली काही वर्षे तिचा कारभार चित्रपट कंपन्यांच्याच माणसांच्या हाती होता. १९५६ च्या उन्हाळ्यात श्रीमंत घरांतील बेफिकीर तरुणांवरचे, ‘सूर्यकुळातले’ म्हणून ओळखले गेलेले काही चित्रपट लागोपाठ आले आणि पालक, शिक्षक, महिला मंडळे संतापून उठली. एइरिनने ते पास केले होते. आपल्याच मालाची तपासणी आपणच करणारी संस्था काय कामाची, हा प्रश्न रास्त होता, आणि सरकारी कायदा पुन्हा येतो की काय अशी भीती उभी राहिली. तेव्हा त्या वर्षाच्या अखेरीस उद्योगाने एइरिनची फेररचना करून तिची सूत्रे चित्रव्यवसायाबाहेरच्या व्यक्तींकडे दिली. नव्या समितीचे पहिले अध्यक्ष सेइइचिरो ताकाहाशी हे अर्थशास्त्रज्ञ आणि माजी शिक्षणमंत्री होते. २०१७ पासून ही संस्था स्वतंत्र प्रतिष्ठान म्हणून काम करते.

आता आपल्या मूळ काळजीकडे येतो. ‘जी’ म्हणजे मुलांसाठी बनवलेला चित्रपट नव्हे. मुलाला दारात अडवण्याचे कारण परीक्षकांना दिसले नाही, एवढाच तिचा अर्थ. १६ एप्रिल १९८८ रोजी घिबली स्टुडिओचे दोन चित्रपट जपानमध्ये एकाच खेळात जोडीने प्रदर्शित झाले. एकात रानातल्या गोंडस प्राण्याशी मैत्री करणाऱ्या दोन बहिणी आहेत. दुसऱ्यात, इसाओ ताकाहाता यांच्या ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’मध्ये, युद्धकाळात चार वर्षांची मुलगी भावाच्या डोळ्यांदेखत उपासमारीने मरते. दोन्ही सर्वांसाठी खुले होते. दुसरा मी पन्नाशीच्या माणसांना दाखवला, तेव्हा दिवे लागल्यावर बराच वेळ कोणी खुर्चीवरून उठले नाही. नग्नता आणि रक्त परीक्षकाला वहीत टिपून ठेवता येते. दुःख किती झाले, हे टिपण्याचा रकाना त्यांच्याकडे नाही आणि तो असावा असेही मला वाटत नाही.

दुधना (सेलू, जि. परभणी) यांचे उत्तर

खामकाठ सरांनी संस्थेची माहिती छान दिली आहे. मी नोकरीनिमित्त तीन वर्षे कुटुंबासह नागोया शहरात होतो, तेव्हा तिकीट खिडकीवर हे सारे प्रत्यक्षात कसे चालते, ते सांगतो.

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये ‘डेमन स्लेयर’ मालिकेचा ‘मुगेन ट्रेन’ हा चित्रपट लागला. तो ‘पीजी१२’ होता; त्यात तलवारीने मुंडकी उडतात आणि रक्तही भरपूर आहे. तरीही पुढे त्याने ४,००० कोटी येनांहून अधिक कमाई करून जपानमधला तोवरचा विक्रम मोडला, आणि हे पैसे मुलांशिवाय जमा होणे शक्य नव्हते. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. तिकीट काढताना नोंदणीच्या पानावर वर्गाची खूण आणि तिचा अर्थ ठळक दिलेला होता. दारावरच्या कर्मचारी बाईंनी तिकीट पाहिले, मुलीला उंच बसण्यासाठी उशी दिली आणि आम्हाला आत सोडले. कोणी अडवले नाही, कोणी उपदेशही केला नाही. शेजारी एक आजोबा सहा-सात वर्षांच्या नातवाला घेऊन बसले होते आणि रक्ताचे दृश्य आले की त्याच्या कानाशी हलक्या आवाजात काहीतरी सांगत होते. पालकांचे मार्गदर्शन म्हणजे काय, हे मला त्या दिवशी त्या आजोबांकडे पाहून कळले.

‘आर१५+’ च्या दारात मात्र निराळा अनुभव आला. माझ्यापुढे शाळकरी वाटणारी दोन मुले होती. कर्मचाऱ्याने त्यांच्याकडे नम्रपणे ओळखपत्र मागितले. एकाकडे ते नव्हते, म्हणून दोघेही निमूट परत फिरले. तिथे पालक सोबत असले तरी पंधराखालील मुलाला आत घेत नाहीत.

तेरणाकाठ सर, आपल्या प्रश्नाला सर्वांत जवळची गोष्ट आता सांगतो. ‘सुझुमे’ ११ नोव्हेंबर २०२२ ला प्रदर्शित झाला. त्याचा वर्ग ‘जी’ होता, म्हणजे एइरिनच्या दृष्टीने विषय तिथे संपला होता. तरीही चित्रपटाच्या कर्त्यांनी आपण होऊन एक सूचना आधीच जाहीर केली: या चित्रपटात भूकंपाची दृश्ये आहेत, भूकंपाचा पूर्वइशारा मोबाइलवर येण्याची दृश्ये आहेत, आणि त्यातील इशाऱ्याचा आवाज खऱ्या आवाजापेक्षा वेगळा ठेवलेला आहे.

शेवटच्या वाक्याचे मोल जपानमध्ये राहिलेल्या माणसालाच कळेल. तिथे धक्का बसण्याच्या काही सेकंद आधी सगळ्यांचे मोबाइल एकदम कर्कश वाजतात. नागोयात एकदा मध्यरात्री तो आवाज आला आणि आम्ही मुलीला उचलून टेबलाखाली शिरलो. धक्का किरकोळ निघाला, पण पुढे कितीतरी दिवस तशाच सुरातली कोणतीही घंटा वाजली की माझ्या पत्नीच्या हाताला कंप सुटत असे. २०११ मध्ये ज्यांची माणसे गेली, त्यांना अंधाऱ्या सभागृहात तोच आवाज अचानक ऐकू आला असता तर काय झाले असते, याचा विचार चित्रपट करणाऱ्यांनी केला होता. वर्गाची खूण वयापुरते सांगते. ही सूचना ज्याच्यावर असा प्रसंग ओढवलेला आहे अशा माणसाला सावध करते, मग तो दहा वर्षांचा असो वा सत्तर वर्षांचा. आपल्याला नेमकी हीच सूचना हवी आहे, आणि ती एइरिनच्या खुणेत सापडणार नाही.

गोदाकाठ (वकील, नांदेड) यांचे उत्तर

कायद्याच्या बाजूने थोडे लिहितो, कारण वरील उत्तरांवरून जपानमध्ये सरकारचा चित्रपटांशी काहीच संबंध नाही, असा समज होऊ शकतो आणि तो बरोबर नाही.

जपानच्या १९४७ पासून लागू असलेल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याबरोबरच ‘सेन्सॉरशिप ठेवली जाणार नाही’ असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणून सरकारला आपल्यासारखे प्रमाणन मंडळ नेमता येत नाही. पण दंडसंहितेचे कलम १७५ कायम आहे आणि त्यानुसार अश्लील साहित्य वितरित करणे किंवा दाखवणे हा गुन्हा आहे. एइरिनची खूण मिळाली म्हणून या कलमापासून संरक्षण मिळत नाही. १९७२ मध्ये एका मोठ्या चित्रपट कंपनीच्या प्रौढांसाठीच्या चित्रपटांवर पोलिसांनी कारवाई केली, तेव्हा ते पास करणाऱ्या एइरिनच्या परीक्षकांनाही आरोपी करण्यात आले. ज्यांनी परीक्षा घ्यायची तेच पिंजऱ्यात उभे राहिले. ते सर्व निर्दोष सुटले, पण उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९८० उजाडले. दिग्दर्शक नागिसा ओशिमा यांनी तर १९७६ च्या आपल्या चित्रपटाची न धुतलेली फिल्म फ्रान्सला पाठवून तिथे ती पूर्ण केली. खटला भरला गेला तो त्या चित्रपटाची पटकथा आणि छायाचित्रे असलेल्या पुस्तकावर, आणि त्यातही १९८२ मध्ये ते अंतिमतः निर्दोष ठरले. परदेशातून येणारा चित्रपट सीमाशुल्क विभागही तपासू शकतो. ही तपासणी घटनेने निषिद्ध केलेल्या सेन्सॉरशिपमध्ये मोडत नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये दिला आहे.

मुलांच्या बाबतीत आणखी एक स्तर आहे. तेथील प्रांतांचे युवक-संरक्षणाचे स्वतंत्र नियम आहेत. नागानो हा प्रांत असा नियम न करता सर्वांत जास्त काळ राहिला आणि त्यानेही २०१६ मध्ये तो केला. टोकियोत रात्री अकरानंतर संपणाऱ्या खेळाला अठरा वर्षांखालील मुलांना, पालक सोबत असले तरी, सोडत नाहीत. चित्रपट ‘जी’ असला तरी हा नियम लागू होतो.

स्वनियमनाबद्दल माझ्या मनात आदर आहे, पण ते निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. २००० च्या डिसेंबरमध्ये किंजी फुकासाकू यांचा ‘बॅटल रॉयल’ आला. त्यात नववीच्या एका वर्गाला एकमेकांना ठार मारण्यास भाग पाडले जाते. संसदेत प्रश्न उपस्थित झाला आणि चित्रपटाला पंधराखालील मुलांना बंद असलेला वर्ग मिळाला. फुकासाकू स्वतः पंधरा वर्षांचे असताना युद्धसामग्रीच्या कारखान्यात राबले होते आणि तोफमाऱ्यात सोबतची मुले मेलेली त्यांनी पाहिली होती. आपला चित्रपट त्याच वयाच्या मुलांनी पाहावा, अशी त्यांची इच्छा होती. मला त्यांचे म्हणणे पटते आणि परीक्षकांचेही पटते. मात्र हा वाद उघडपणे झाला आणि चित्रपटाला कात्री न लावता केवळ वयाची अट घालून मिटला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

आपल्याकडील स्थिती उलट आहे. १९५२ च्या चलचित्र कायद्यानुसार केंद्र सरकारने नेमलेले मंडळ प्रमाणपत्र देते, आणि के. ए. अब्बास यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये ही पूर्वतपासणी वैध ठरवली आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’ या वर्गाचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले; तेही जपानच्या ‘पीजी१२’ प्रमाणे पालकांना दिलेला सल्लाच आहेत, वयावरून दारावरची बंदी फक्त ‘ए’ ला आहे. दोन्ही देशांचा कल कसा वेगळा आहे, याचे एकच उदाहरण देतो. ‘ओपनहायमर’ हा अणुबॉम्ब घडवणाऱ्या शास्त्रज्ञावरचा चित्रपट भारतात २०२३ मध्ये एका दृश्यातील नग्नता संगणकाने काळा पोशाख चढवून झाकून ‘यूए’ म्हणून लागला. जपानमध्ये तो २९ मार्च २०२४ रोजी ‘आर१५+’ म्हणून लागला, आणि काही चित्रपटगृहांनी अणुचाचणीची दृश्ये बॉम्बहल्ल्याची आठवण जागी करू शकतील, अशी सूचना दारावर लावली. दुधना यांनी सांगितलेल्या सूचनेचीच ही जात आहे.

सर, आपल्या कामापुरते दोन मुद्दे. एइरिनच्या खुणेला भारतात कायदेशीर मूल्य नाही, म्हणून चित्रपटाचे भारतातील प्रमाणपत्र पाहून घ्यावे. आणि आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित व्यक्ती एवढ्यांनाच चित्रपट दाखवण्यास सवलत आहे. गावात दवंडी देऊन सर्वांना बोलावले, तर ती सवलत राहणार नाही. घरगुती वर्गणीवर मोबाइलमधून चित्रपट दाखवायचा असेल, तर त्या कंपनीच्या अटी वेगळ्या असतात, त्याही वाचाव्यात.

माळवद (निवृत्त मुख्याध्यापक, लोहारा तालुका, जि. धाराशिव) यांचे उत्तर

गुरुजी, मला जपानचे कायदे माहीत नाहीत. वरील तिघांचे लिखाण मी दोनदा वाचले आणि त्यातून बरेच शिकलो. मी लिहितो आहे ते मी त्या पहाटे होतो म्हणून.

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. आमची घरे माळवदाची, दगडामातीच्या दोन-दोन हात रुंद भिंतींची आणि वर वर्षानुवर्षे चढवलेल्या मातीच्या थराची. पहाटे चारच्या सुमारास ती बसली. जवळपास दहा हजार माणसे गेली, त्यांत माझी धाकटी बहीण होती. मी तेव्हा तिशीत होतो. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरली, तेव्हा पाऊस पत्र्यावर वाजू लागला की पहिलीची मुले एकदम उठून बाहेर पळत. त्यांना रागवायचे नाही, एवढे आम्ही शिक्षकांनी आपसांत ठरवले होते. ती मुले आज आपल्या विद्यार्थ्यांचे आई-वडील आहेत.

हा चित्रपट मी नातवाबरोबर पाहिला आहे. मुलगी आपल्या मोडलेल्या घराच्या जागी परत जाते, तिथे मी थांबवा म्हणालो. नातवाने थांबवला, पाणी आणून दिले आणि विचारले, ‘आबा, आपलं जुनं घर कुठं होतं?’ तीस वर्षांत घरात कोणी मला हे विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी त्याला जुन्या गावठाणात घेऊन गेलो आणि बाभळींमध्ये आमच्या उंबऱ्याचा दगड दाखवला.

म्हणून माझे मत असे की चित्रपट दाखवा, पण आधी घरी कळवा. मुलांना धोका कमी आहे. खरा विचार पालकांचा करा, कारण मूल घरी जाऊन जे विचारील त्याला उत्तर त्यांना द्यावे लागणार आहे. ज्या घरातून नको असे कळवतील, त्या मुलाला वर्गात कारण विचारू नका. त्याच वेळी वाचनालयात किंवा मैदानावर दुसरे काही ठेवा, म्हणजे त्याला बाजूला काढल्यासारखे वाटणार नाही. आणि खोलीचे दार उघडे ठेवा. खिडक्यांना सतरंज्या बांधलेल्या, मुले दाटीवाटीने बसलेली आणि दार लोटलेले, अशा खोलीत आमच्या भागात भूकंपाचे चित्र दाखवू नये. थोडा उजेड आत आला तर येऊ द्या.

तेरणाकाठ यांचे प्रत्युत्तर

सर्वांचे मनापासून आभार. सहकाऱ्यांना ‘पीजी१२’ आणि ‘आर१५+’ मधला फरक वाचून दाखवला. त्यांनी तो मोकळेपणाने मान्य केला. ते जपानी अ‍ॅनिमेशनबद्दल जे म्हणत होते, तेही खरेच होते, हे मीही मान्य केले.

आबा, आपले उत्तर वाचल्यावर मी बसण्याची व्यवस्थाच बदलली. प्रयोग विज्ञानाच्या खोलीऐवजी ओसरीला लागून असलेल्या मोठ्या वर्गात होईल, दोन्ही दारे उघडी राहतील आणि मुले दोन गटांत दोन शनिवारी पाहतील. चित्रपट दोन तासांहून थोडा मोठा आहे, म्हणून मध्ये थांबून खिचडी देणार आहोत. पालकांना मंगळवारी पाठवण्याची चिठ्ठी अशी लिहिली आहे. काही चुकले असेल तर सांगावे.

“सप्रेम नमस्कार. येत्या दोन शनिवारी शाळेत ‘सुझुमे’ हा जपानी चित्रपट दाखवणार आहोत. जपानमध्ये तो सर्व वयाच्या प्रेक्षकांसाठी खुला आहे. या चित्रपटात भूकंपाची दृश्ये आणि धोक्याच्या इशाऱ्याचे आवाज आहेत, आणि आईला गमावलेल्या मुलीची ही गोष्ट आहे. आपल्या पाल्याने तो पाहू नये असे वाटत असल्यास चिठ्ठीच्या मागे फक्त ‘नाही’ लिहावे; कारण लिहिण्याची गरज नाही. त्या वेळी वाचनालय उघडे राहील. आई, वडील, आजी, आजोबा यांपैकी कोणाला मुलांसोबत बसून पाहायचे असेल, तर दाराजवळ खुर्च्या ठेवल्या आहेत.”